हाजीसाहेबांचा फेरन

१

हाजी सोनाउल्ला मगरे दुपारचा चहा पिऊन मेला, आणि चहा सुनेच्या हातचा होता. काश्मीरातल्या द्रंगपुऱ्याला तेवढं पुरलं. मय्यत उठायच्या आत गावाने खटला चालवून निकालही देऊन टाकला.

डॉक्टर झरिफा द्राबूला मात्र ते पुरत नव्हतं, आणि पुरत नाही याचाच तिला वैताग आला होता. वय अठ्ठावन्न. तालुक्याच्या इस्पितळात तीस वर्षं गेली, निवृत्तीला चार महिने उरले. आता कुणी काही विचारू नये आणि आपणही कुणाला काही विचारू नये, एवढीच तिची इच्छा होती.

हाजीला जीपमधून आणलं तेव्हा त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. तोंडातून लाळ गळत होती, अंग घामाने निथळत होतं, दंडाचे स्नायू आपोआप फडफडत होते. ही लक्षणं झरिफाला पाठ होती. सफरचंदाच्या बागांत फवारणी सुरू झाली की दर उन्हाळ्यात आठ-दहा माणसं अशीच यायची. त्या विषाला इथे सगळे 'दवा' म्हणतात आणि दवेसारखंच बिनघोर हाताळतात. तिने उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन टोचायला घेतलं. कपाटात चौदा कुप्या होत्या. चौदावी संपली आणि अर्ध्या तासाने हाजीही संपला.

पण हा उन्हाळा नव्हता. नोव्हेंबर निम्मा सरला होता. शेवटची फवारणी ऑगस्टात झालेली, फळ उतरून पेट्या दिल्लीच्या वाटेला लागलेल्या, झाडं उघडी पडलेली. बागेत दवेचा थेंब नसताना ती हाजीच्या अंगात शिरली कुठून?

ठाणेदार मकबूल रेशीला हा प्रश्न अवघड वाटला नाही. त्याचा गुडघा दुखत होता आणि त्याला लवकर घरी जायचं होतं. सून दिलशादा हिने मागच्या वर्षी पाणवठ्यावर दहा बायकांसमोर सासऱ्याला उद्देशून म्हटलं होतं, "एक दिवस तुम्हाला तुमचीच दवा प्यावी लागेल." तिचे दोन गर्भ पडले होते आणि ती त्याचा दोष फवारणीला देत होती. आता तिसऱ्यांदा दिवस गेलेले, पाचवा महिना. रेशीने तिला त्याच संध्याकाळी ठाण्यात आणून बसवलं. सोमवारी तिला श्रीनगरला न्यायाधीशापुढे उभं करायचं आणि तिथून तुरुंगात.

"मकबूल, त्याच्या पोटात दवेचा वास नव्हता," झरिफा म्हणाली. "मी स्वतः उघडून बघितलंय. प्यायला असता तर खोलीत उभं राहवलं नसतं."

"वास हा काही पुरावा नाही. तपासणीचा कागद यायला महिना लागेल."

"ती तोंडावाटे गेलेलीच नाही."

"मग कशावाटे गेली?"

ते अजून झरिफाला शोधायचं होतं. तो गुरुवार होता.

२

शुक्रवारी ती मगऱ्यांच्या घरी गेली. बसायच्या खोलीत हाजीची विधवा मुख्ता भिंतीला टेकून बसली होती. सत्तरीची, लहानखुरी, नाकी-डोळी अजून नीटस. कमरेला नाडीत अडकवलेली पितळी किल्ली होती आणि बोलताना तिची बोटं सारखी त्या किल्लीशी चाळा करत. मुलगा तनवीर माल विकायला दिल्लीला गेलेला, तो वाटेत होता. रिवाजाप्रमाणे तीन दिवस चूल बंद राहणार होती, शेजारपाजारचे जेवण पाठवत होते.

मुख्ताने सुनेला जेवढ्या शिव्या द्यायच्या तेवढ्या दिल्या. मग तिने झरिफाला चहा घेणार का विचारलं. झरिफा नको म्हणाली. हाजीचं दुखणं तसं दोन आठवड्यांचं, मुख्ताने सांगितलं. आधी एका शुक्रवारी त्याला मळमळलं, डोळ्यांपुढे अंधुक झालं, घाम फुटला. दुसऱ्या दिवशी ठणठणीत. मग मंगळवारी पुन्हा तेच. शनिवार-रविवारी तो बागेत गडीमाणसांबरोबर लाकडं फोडत होता, काही झालं नाही. आणि हा गुरुवार.

"चहा तर रोज सूनच करायची ना?"

"रोज. पण जहर रोज घालत नसेल. डोकं आहे तिला." मुख्ताने किल्ली चाचपली. "चहा घेणार का, डॉक्टरसाहिबा?"

झरिफा पुन्हा नको म्हणाली. त्या तीन दिवशी हवा कशी होती, एवढंच तिने विचारलं. मुख्ताला ते काही सांगता येईना. जवळ बसलेली शेजारीण म्हणाली, तिन्ही दिवस पावसाचे, बोचऱ्या गारठ्याचे होते. घरातून कुणी हललं नाही.

"हाजीसाहेब तर निखाऱ्यांची कांगडी पोटाशी धरून बसून होते," मुख्ता म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचे डोळे भरून आले. "नवा पायघोळ फेरन घालून. ट्वीडचा. दोन हिवाळे झाले, पण एक भोक दाखवा त्याला. गावातल्या सगळ्यांच्या लोकरीला कसर लागते. माझ्या हातच्या कपड्याला नाही लागत." मग तिने झरिफाला तिसऱ्यांदा चहाचं विचारलं.

दारात पुतण्या इर्शाद भेटला. गावातलं दवेचं दुकान त्याचं. बागेच्या बांधावरून काका-पुतण्यात दोन वर्षं बोलणं नव्हतं, म्हणून शहाणी माणसं सुनेच्या खालोखाल त्याचं नाव घेत होती. झरिफाने त्याला सरळच विचारलं. तो हसला, पण हसण्यात दम नव्हता.

"काकाने ऑगस्टात गड्याकडून शेवटची बाटली मागवली. त्याआधी तीस वर्षं या घराने दवेत हात घालून कालवलीय, काठीसुद्धा घेतली नाही. काका फवारायचे, काकी कालवायची, काकीच त्यांचे भिजलेले कपडे धुवायची. मला मारायचं असतं तर वेगळं काही करायला नको होतं. नुसती दवा उधार देत राहायची."

त्याचं खरंच होतं. या गावात दवेचा वाससुद्धा आता कुणाला येत नाही, झरिफाच्या मनात आलं. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, तसं झालंय.

३

दिलशादा कोठडीत घोंगडी पांघरून बसली होती. पाय सुजलेले. झरिफाने तिची नाडी बघितली, पोट तपासलं, बाळ हलतं का विचारलं. हलतं, ती म्हणाली. बाकी कशालाच तिने धड उत्तर दिलं नाही.

पाणवठ्यावर म्हणालीस ते खरं का? खरं. रागात म्हणालीस? हो. चहात काही घातलंस? नाही. मग तुझ्या मते काय झालं असेल? यावर मुलीने घोंगडी आणखी ओढून घेतली. तोंड उघडलं, मिटलं.

"जीजी जेवली का?" तिने विचारलं. जीजी म्हणजे सासू.

"तुझ्या सासूने तुला आज दोन तास शिव्या घातल्या."

"जेवली का पण? विसरते ती. जेवलेली विसरते आणि न जेवलेलीही विसरते."

झरिफा तीस वर्षं माणसं तपासत आली होती. ही मुलगी घाबरलेली होती, पण स्वतःसाठी नाही, हे तिला कळलं. कुणासाठी ते कळेना. बाहेर आल्यावर रेशी म्हणाला की गुन्हेगार असेच गप्प असतात. झरिफा म्हणाली की थकलेली माणसंही अशीच गप्प असतात, तुला माहीत असायला हवं. ती इस्पितळात परतली तर पोर्चमध्ये हातगाडी उभी होती. गाडीवरचा म्हातारा घामाने चिंब झाला होता. तिने त्याच्या पापण्या उचलल्या. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होत्या.

४

म्हातारा समद शेख. मय्यतीला आंघोळ घालणारा. कालच त्याने हाजीला आंघोळ घातली होती.

दुपारीच जिल्ह्याहून अ‍ॅट्रोपिनची पेटी आली होती, म्हणून समद वाचला. लाळ आटली, छाती मोकळी झाली, बाहुल्या हळूहळू उघडल्या. रेशी गुडघा चोळत खाटेशेजारी बसला. त्याचा खटला त्याच्या डोळ्यांदेखत उसवत होता आणि त्याला ते मुळीच आवडलं नव्हतं.

"सून तर माझ्या कोठडीत आहे," तो म्हणाला. "हा तिच्या हातचं काय प्यायला?"

"काहीच नाही. घरात चूलच पेटलेली नाही. याने तिथे पाणीसुद्धा घेतलं नाही."

"मग मय्यतीच्या अंगावरून आलं असेल."

"आंघोळ दोघांनी घातली. समदने आणि त्याच्या मेहुण्याने. मेहुणा मघाशीच माझ्यासमोर भाकऱ्या खाऊन गेला."

रेशीने हे दवेचं एकदा नीट समजावून सांग म्हटलं, उद्या वरिष्ठांना तोंड द्यायचंय. झरिफाने खुर्ची ओढली. हे ती तीस वर्षं सांगत होती, आणि ऐकणारे दवा घ्यायला इर्शादच्या दुकानाकडे जात होते.

"एका नसेला दुसरीला निरोप द्यायचा असतो. ती एक रसायन सोडते. ते पलीकडच्या दारावर थाप मारतं. मेंदूत, हृदयात, घामाच्या गाठीत, सगळीकडे अशी दारं आहेत. आम्ही त्यांना ग्राही म्हणतो. थाप ऐकली की काम होतं, आणि एक झाडूवाला येऊन ते रसायन झाडून नेतो. दवा त्या झाडूवाल्याला मारते. मग थापा थांबतच नाहीत. लाळ, घाम, झटके, आणि शेवटी श्वास. अ‍ॅट्रोपिन त्यातल्या बऱ्याच दारांना पाठ लावून बसतं. झाडूवाला परत येईपर्यंत."

"आणि जे वर्षानुवर्षं फवारतात? त्यांना कसं चालतं?"

"सारख्या थापा ऐकून मेंदू वैतागतो आणि आपली दारंच कमी करतो. म्हणून हाजीने दोन आठवडे काढले आणि समद एका दिवसात आडवा झाला. पण कमी झालेल्या दारांतूनच पुढे आठवायचंही असतं, मकबूल. नुसतं वय म्हणून सोडून देतो आपण ते. मला सिद्ध करता येणार नाही. पण फवारणाऱ्या घरातल्या म्हाताऱ्यांना मी बघत आलेय."

एवढं बोलून ती थांबली. दोघांनी आंघोळ घातली, एकच आजारी पडला. दोघांत फरक काय? आंघोळ घालणाऱ्यांतल्या मोठ्याला मिळतं आणि धाकट्याला मिळत नाही असं काय?

मेलेल्याचे अंगावरचे कपडे.

तिनेच ते पाठवले होते. गुरुवारी हाजीच्या अंगावरून काढलेलं बोचकं खाटेखाली पडलं होतं, ते तिने स्वतः उचलून घरच्यांना दिलं होतं. घरच्यांनी रिवाजाप्रमाणे ते समदला दिलं. पोलिसांचं लक्ष चहाच्या पेल्यावर, तिचं रिकाम्या कपाटावर. पावसाचे दिवस, गारठा, पोटाशी कांगडी, वर जाड लोकर. ऊब लागली की लोकरीतली दवा कातडीवाटे आत. उन्हाच्या दिवशी फेरन काढून ठेवायचा की माणूस ठणठणीत.

"समद काक," तिने वाकून विचारलं, "हाजीचा फेरन कुठाय?"

"घरी काढून ठेवला," तो पुटपुटला. "माझा भिजला होता म्हणून काल घातला. ऊबदार आहे फार."

रेशीने जीप काढायला सांगितली. पण समदच्या घरी फेरन नव्हता. खुंटी रिकामी होती.

५

शेजारी म्हणाले, समदची बायको घेऊन गेली असेल. ती कुठाय? ती तर इस्पितळातच, नवऱ्यापाशी.

इस्पितळात परतल्यावर झरिफा धावली नाही. धावायची तिची वर्षं गेली होती. पण ती इतक्या झपाझप चालत व्हरांड्यात आली की नर्स बाजूला झाली. बाकावर समदची बायको फाता बसली होती. दुपारपासून ती तिथेच होती, सगळे तिच्यासमोरून ये-जा करत होते. अंगात पुरुषी मापाचा राखाडी ट्वीडचा फेरन, आत कांगडी, मान छातीवर पडलेली. थंडीत तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"फाता, वर बघ."

तिने वर बघितलं, पण तिला काही दिसत नव्हतं.

फेरन कातरीने कापूनच काढला. साबण, पाणी, पुन्हा साबण, आणि मग सुई. फाता वाचली, पण आणखी एक तास कुणाचं लक्ष गेलं नसतं तर नसती. हे झरिफाने रेशीला सांगितलं नाही. त्याला दिसतच होतं.

मग हातमोजे घालून तिने तो फेरन अंगणातल्या फरशीवर पसरला. मावळतीच्या तिरप्या उन्हात ट्वीडवर फिकट पिवळे, तेलकट डाग दिसले. पाठीवर उजवीकडे एक पसरट डाग. तसाच डावीकडे. तसेच दोन पुढे, पोटाशी. चारही एका मापाचे, एकमेकांसमोर.

"कुणीतरी अंगावर ओतलं," रेशी म्हणाला.

"अंगावर ओतलं असतं तर एकच डाग वेडावाकडा ओघळला असता. घडी घाल."

रेशीनेही हातमोजे चढवले आणि कापलेल्या फेरनची दोघांनी मिळून चौघडी घातली. चारही डाग एकावर एक आले.

"घडी घालून ठेवलेला असताना ओतलंय. वरून, एकदाच, आणि ते खालपर्यंत झिरपलं. फेरनच्या घड्या घालून उन्हाळाभर कुठे ठेवतात, मकबूल? आणि तुमच्या घरात कपड्यांच्या पेटीची किल्ली कुणाकडे असते?"

रेशीने फेरनवरून हात काढून घेतले. एक भोक दाखवा त्याला, हे मुख्ताचं वाक्य त्यानेही ऐकलेलं होतं. ती ते प्रत्येकालाच सांगायची.

६

शनिवारी सकाळी तनवीर पोचला होता. त्याने आईच्या कमरेची किल्ली मागून घेऊन पेटी उघडली. वर अक्रोडाचा वाळलेला पाला, घडी घातलेली शाल, आणि कोपऱ्यात हाजीच्या जुन्या रुमालात नीट गुंडाळून उभी ठेवलेली दवेची बाटली. तळाला दोन बोटं दवा शिल्लक होती. झाकण घट्ट लावलेलं. पुढच्या वर्षी लागेल म्हणून.

झरिफा बाटलीची गोष्ट सांगायला कोठडीत गेली. दिलशादाने ऐकून घेतलं आणि मान खाली घातली.

"मी बघितलं होतं," ती म्हणाली. "सप्टेंबरात. जीजीला शालीत कसर दिसली. मी म्हटलं, हे काय ओततेस? ती म्हणाली, झाडाची कीड मरते मग कपड्याची मरणार नाही का. मी म्हटलं होतं, बाहेर काढून उन्हात घालू. मग फळ उतरायला आलं आणि राहून गेलं. माझ्याकडून राहून गेलं."

"इथे आल्यावर लक्षात आलं तुझ्या?"

"पहिल्याच रात्री. बसल्या बसल्या सगळं जुळलं."

"मग बोलली का नाहीस? सोमवारी तुरुंगात गेली असतीस. पोटात मूल आहे."

"तिला आठवत नाही, डॉक्टरसाहिबा. खरंच नाही आठवत. सत्तेचाळीस वर्षं त्यांची पाठ झाकत आली ती. तिला हे सांगायचं म्हणजे..." ती थांबली. "मला वाटलं, फेरन तर इस्पितळातच जाळून टाकला असेल. आता कुणाला त्रास नाही."

"फेरन समदला गेला. तो आणि फाता, दोघं माझ्याकडे आहेत. वाचले."

हे मात्र दिलशादाला ठाऊक नव्हतं. ती रडायला लागली आणि थांबेना. रेशीने बाहेरून कुलूप काढलं आणि चहा मागवला. चुकून झालेलं मरण, असा कागद त्याने त्याच दिवशी रंगवला. म्हातारीवर काही ठेवायचं त्याच्या मनात नव्हतं. तेवढी ताकदच उरली नाही, तो म्हणाला, पण कारण ते नव्हतं.

मुख्ताला सांगायचं काम झरिफावर आलं. तिने सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. तीस वर्षं ती मेलेल्या बागवानांच्या दाखल्यांवर 'हृदयक्रिया बंद' लिहीत आली होती, कारण घरच्यांना तेच बरं वाटायचं. निदान या वेळी तरी खरं सांगायचं होतं. मुख्ताने शेवटपर्यंत ऐकलं. तिला सगळं कळलं. तनवीरने परत दिलेली किल्ली तिने सुनेच्या हातात ठेवली आणि ओढणीआड तोंड घेऊन असा आवाज केला की अंगणातली माणसं उठून उभी राहिली.

७

आठवड्याने झरिफा पोट तपासायच्या निमित्ताने मगऱ्यांकडे गेली. बाळ ठीक होतं. पहिला बर्फ वरच्या डोंगरावर दिसत होता. मुख्ता भिंतीला टेकून बसली होती आणि तिची बोटं कमरेला किल्ली शोधत होती.

"हाजीसाहेब बागेत गेलेत फेरन न घालता," ती झरिफाला म्हणाली. "आणि ही पोरगी मला पेटी उघडू देत नाही."

झरिफाने दिलशादाकडे बघितलं. दिलशादा चहाच्या सामोवारमध्ये निखारे घालत होती.

"रोज विचारते," ती हळू आवाजात म्हणाली. "दुसऱ्या दिवशी मी पुन्हा खरं सांगितलं. पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवसापासून नाही सांगत."

तेवढ्यात मुख्ताच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं. नवरा गेलाय, एवढं तिला आठवलं असावं.

"कसे गेले ते?" तिने विचारलं. "चहा प्यायले होते. चहा कुणी केला होता?"

झरिफाने तोंड उघडलं. दिलशादाने मान हलवून तिला थांबवलं.

"मी केला होता, जीजी."

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. नजरेत राग होता, आणि रागाचाच थोडा आधार मिळाल्यासारखी ती ताठ बसली. "तुझ्या हातचा चहा मी पिणार नाही," ती म्हणाली.

"बरं," दिलशादा म्हणाली. तिने गुलाबी चहा पेल्यात ओतला, वर साय घातली आणि पेला झरिफापुढे धरला. "तुम्ही द्या. दुसऱ्याच्या हातचा पिते. तुम्ही नसता तेव्हा शेजारणीला हाक मारते."

झरिफाने पेला घेतला. तो गरम होता. तिने तो दोन्ही हातांनी मुख्तापुढे केला, आणि म्हातारी फुंकर घालून प्यायला लागली.